सहाव्या दिवशीच्या रिपोर्टमधले ‘अटिपिकल’ सेल, आणि डेंग्यू परत का होतो

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला पण घाईत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज निवांत लिहितोय, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना ताप येऊन आज सहावा दिवस, काल सकाळी ताप उतरला, प्लेटलेट्स ४८,०००, डेंग्यूच्या टेस्टमध्ये एनएस-वन निगेटिव्ह, अँटीबॉडींपैकी आयजीएम थोडंसं पॉझिटिव्ह, आयजीजी मात्र जोरात पॉझिटिव्ह, आणि सीबीसीच्या खाली ‘अटिपिकल लिम्फोसाइट्स २२ टक्के’ असं लिहून आलंय, ते बघून ओळखीतल्या कोणीतरी ब्लड कॅन्सर तर नाही ना म्हटलं आणि घरात कोणी झोपलं नाही. शिवाय सासूबाई म्हणतात त्यांना २००६ ला मालेगावला चिकनगुनिया झाला तो परत कधी झाला नाही, मग डेंग्यू दोनदा कसा काय होतो, प्रतिकारशक्ती कमी आहे का. आणि घरात जाऊबाईंचं सात महिन्यांचं बाळ आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, नाशिकमध्येच वीस-बावीस वर्षं स्लाइडी बघतोय, आणि दर वर्षी पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन माणसं लॅबच्या दारात उभी असतात.

सगळ्यात आधी आजचं बघा. ताप उतरला म्हणून बिनधास्त होऊ नका, डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात जपायचे. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस गळून गेल्यासारखा किंवा उगाच चिडचिड करत असेल तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, ॲडमिट करायचं. आणि डॉक्टरांना प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के) किती आहे, कालच्यापेक्षा वाढलंय का ते आवर्जून विचारा, कारण डेंग्यूत माणूस जास्त करून रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपल्यामुळे शॉकमध्ये जातो, नुसत्या प्लेटलेट कमी झाल्यामुळे नाही. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल द्या. कॉम्बिफ्लाम, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काहीही अजिबात नको. हे झालं, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

ते २२ टक्के सेल. कॅन्सरची भीती मनातून काढून टाका. मी तुम्हाला सांगतो मला मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते. रक्ताचा एक थेंब काचेवर ओढून लीशमन स्टेन टाकला की साधा लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, छोटा दिसतो, जवळजवळ सगळा गाभाच, कडेला फिकट निळसर कड. डेंग्यूच्या पाचव्या-सहाव्या-सातव्या दिवशी त्याच स्लाइडवर मोठे मोठे सेल दिसायला लागतात, गाभा एका बाजूला सरकलेला आणि बाकीचा भाग एकदम गडद निळा, दौतीतली शाई सांडल्यासारखा, आणि त्या निळ्यात गाभ्याला चिकटून एक फिकट अर्धचंद्र. हा निळा रंग उगाच येत नाही. सेलच्या आत प्रोटीन बनवायची यंत्रणा गच्च भरली की तो भाग स्टेनमध्ये असा गडद निळा होतो, आणि तो फिकट अर्धचंद्र म्हणजे बनलेलं प्रोटीन पॅक करून बाहेर पाठवायची जागा. ते प्रोटीन म्हणजेच व्हायरसला पकडणारी अँटीबॉडी. म्हणजे रिपोर्टवर ज्याला ‘अटिपिकल’ म्हटलंय त्यातले बरेचसे सेल तुमच्या मिस्टरांच्या अंगातले अँटीबॉडी बनवणारे कारखाने आहेत, ऐन कामावर असताना पकडलेले. आमच्या भाषेत त्यांना प्लाझ्माब्लास्ट म्हणतात. त्यात ‘ब्लास्ट’ शब्द येतो आणि ब्लड कॅन्सरमध्येही ‘ब्लास्ट’ येतो म्हणून गोंधळ होतो, पण दोन्हींचा काही संबंध नाही. माझ्याकडे एकदा एका पंचविशीच्या मुलाचे वडील असाच रिपोर्ट घेऊन आले होते, दुसरीकडच्या रिपोर्टवर नुसतं ‘अबनॉर्मल सेल्स’ लिहून सोडलं होतं, ते गृहस्थ रडत होते, मी त्यांना खुर्चीत बसवून मायक्रोस्कोपमधून तो निळा सेल दाखवला आणि सांगितलं काका हा सेल तुमच्या मुलाच्या बाजूने लढतोय. तेव्हापासून मी स्वतःच्या रिपोर्टवर ‘रिॲक्टिव्ह, व्हायरल इन्फेक्शनमध्ये अपेक्षित’ असं स्पष्ट लिहितो, एक ओळ जास्त लिहिल्याने घरच्यांची एक रात्र वाचते.

आणि डेंग्यूत हे सेल किती प्रचंड वाढतात याचा मोजून केलेला अभ्यास आहे, २०१२ साली छापून आला, थायलंडच्या पेशंटवरचा. एरवी रक्तात हे सेल शंभरात एकसुद्धा सापडत नाहीत, पण त्या पेशंटमध्ये तापाच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी काहींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट्सपैकी ३० टक्क्यांपर्यंत हेच सेल होते आणि त्यातले बहुतेक डेंग्यूच्याच विरुद्धची अँटीबॉडी बनवत होते. इतकी मोठी लाट फार थोड्या आजारात दिसते. (टक्के जास्त म्हणजे आजार जास्त गंभीर असं सरळ गणित मात्र मांडू नका.)

हे सेल येतात कुठून? डास चावला की व्हायरस आधी कातडीतल्या पेशींमध्ये शिरतो, तिथून जवळच्या लिम्फच्या गाठीत जातो. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तीच गाठ. त्या गाठीत लाखो बी सेल (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) बसलेले असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या आकाराची अँटीबॉडी असते, जन्मापासून, कुठलाही व्हायरस बघितलेला नसताना. एवढे आकार माणसाच्या थोड्याशा जीन्समधून कसे बनतात हे कोडं सोडवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं, जीन्सचे तुकडे प्रत्येक सेलमध्ये वेगवेगळे जोडले जातात. तर त्या लाखोंमधल्या ज्या थोड्या सेलच्या अँटीबॉडीला हा व्हायरस बऱ्यापैकी चिकटतो ते जागे होतात, दुपटीने दुपटीने वाढतात, त्यांचेच ते निळे कारखाने बनतात, आणि पुढचे चार-पाच दिवस हे चालतं. म्हणून डेंग्यूत पहिल्या दोन-तीन दिवसात आयजीएम टेस्ट केली तर निगेटिव्ह येते, तेव्हा एनएस-वन करायची, ते व्हायरसचं स्वतःचं प्रोटीन असतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसायला लागतं. लोक दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून निगेटिव्ह म्हणून खूष होतात आणि आमच्याशी भांडतात की तुमची टेस्ट चुकली, टेस्ट चुकलेली नसते, कारखाना अजून सुरूच झालेला नसतो.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार आवडते. आयजीएम ही पहिली घाईची अँटीबॉडी, पाच तुकडे जोडलेली, पकडायला दहा हात, पण एकेका हाताची पकड सैल. त्याच वेळी गाठीच्या आत दुसरं काम चालू होतं. काही बी सेल तिथेच थांबतात, आपल्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बारीक बारीक चुका करून घेतात, मग त्यातल्या ज्यांची पकड आधीपेक्षा घट्ट झाली तेवढे जगतात, बाकीचे मरतात, परत चुका, परत निवड. आपल्याकडे दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात द्राक्षाची विरळणी करतात ना, घडातले मणी कात्रीने काढून टाकतात म्हणजे उरलेले चांगले पोसतात, अगदी तसं, फरक इतकाच की इथे प्रत्येक फेरीत मणी बदलतोही. या निवडीत टी सेल (लिम्फोसाइटचा दुसरा प्रकार) मदत करतात, कोणाला ठेवायचं ते बरंचसं त्यांच्या हातात असतं. आठवडे-महिने हे चालतं आणि त्यातून दोन प्रकारचे सेल बाहेर पडतात. एक मेमरी बी सेल, जे शांत बसून राहतात. दुसरे पक्के प्लाझ्मा सेल, जे हाडाच्या आत बोन मॅरोमध्ये जाऊन मुक्काम ठोकतात आणि एकेक सेल सेकंदाला हजारोंनी आयजीजी, म्हणजे घट्ट पकडीची पक्की अँटीबॉडी, सोडत राहतो, वर्षानुवर्षं. एक आयजीजी रक्तात साधारण तीन आठवड्यात अर्धं होतं, म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या रक्तात आज चिकनगुनियाचं जे आयजीजी सापडेल ते २००६ चं नाही, ते आत्ताआत्ताचं ताजं आहे, बोन मॅरोमधले ते सेल आजही ड्युटीवर आहेत म्हणून. यलो फीव्हरची लस आफ्रिकेला जाणाऱ्यांना देतात, एका डोसचं संरक्षण आयुष्यभर पुरतं असं डब्ल्यूएचओने २०१३ ला सांगितलं आणि दहा वर्षांच्या बूस्टरची गरज नाही म्हटलं, त्यामागे हेच सेल आहेत.

अँटीबॉडी करते काय ते थोडक्यात. डेंग्यूच्या कणावर बाहेरून ई नावाच्या प्रोटीनचे १८० तुकडे टाइल्ससारखे बसवलेले असतात, त्याच्याच जोरावर तो आपल्या पेशीला चिकटतो आणि आत घुसतो. अँटीबॉडी त्या टाइल्सवर बसली की चिकटणं बंद किंवा घुसणं बंद, शिवाय व्हायरसवर अशी खूण होते की खाणाऱ्या पेशी त्याला ओळखून गिळतात. पण एक-दोन अँटीबॉडी बसून भागत नाही. वेस्ट नाइल व्हायरसवर, जो डेंग्यूच्याच घराण्यातला आहे, मोजून बघितलं तर एका कणावर साधारण ३० अँटीबॉडी बसल्या की तो निकामी होतो. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बी सेलच नसले तर काय होतं हेही बघितलेलं आहे. २००३ च्या सुमारास उंदरांवर काम झालं, ज्या उंदरांमध्ये बी सेल बनतच नाहीत त्यांना वेस्ट नाइल दिला तर सगळेच्या सगळे मेले, आणि तशाच उंदरांना साध्या उंदरांचं अँटीबॉडी असलेलं सीरम (रक्तातलं पाणी) टोचलं तर वाचले. नुसतं आयजीएम बनू शकत नाही असे उंदीरही मेले, म्हणजे ती सैल पकडीची घाईची अँटीबॉडीसुद्धा पहिल्या आठवड्यात जीव वाचवते. चिकनगुनियात बी सेल नसलेले उंदीर मेले नाहीत पण व्हायरस त्यांच्या रक्तात महिनोनमहिने फिरत राहिला, तोच साध्या उंदराच्या रक्तातून काही दिवसात साफ होतो. माणसांत हे कुठे दिसतं तर रिटुक्सिमॅब नावाचं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये, संधिवातासाठी किंवा लिम्फोमासाठी देतात, ते बी सेलच संपवतं. अशा पेशंटना वेस्ट नाइल झाला तर व्हायरस फार दिवस अंगात राहतो आणि अँटीबॉडी टेस्ट मात्र निगेटिव्ह येते. म्हणून कोणाचं हे इंजेक्शन चालू असेल तर ताप आल्यावर डॉक्टरांना पहिलं वाक्य तेच सांगायचं, कारण त्यांच्या बाबतीत आयजीएम निगेटिव्हला काही अर्थ नाही, पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी टेस्ट) किंवा एनएस-वन बघावं लागतं. लढाईत टी सेल, इंटरफेरॉन हे सगळे असतातच, पण रक्तात मोकळा फिरणारा व्हायरस संपवायचं काम मुख्यतः अँटीबॉडीचं. आणि रक्तातला व्हायरस संपला की त्या माणसाला चावलेल्या डासालाही तो मिळत नाही, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या त्या निळ्या सेलनी आज शेजारच्यांनाही थोडं वाचवलंय.

आता सासूबाईंचा प्रश्न, डेंग्यू परत का.

२००६ ची साथ मला नीट आठवते, मालेगावहून, येवल्याहून कमरेत वाकलेली माणसं येत होती, चिकनगुनिया या शब्दाचा अर्थच टांझानियातल्या माकोंडे भाषेत वाकून जाणं असा आहे. त्या एका वर्षात देशात सरकारी आकड्यांप्रमाणे जवळजवळ १४ लाख संशयित पेशंट झाले. पण चिकनगुनिया व्हायरसचा एकच प्रकार धरायचा, थोडेफार वेगळे वंश आहेत पण एकाविरुद्धची अँटीबॉडी दुसऱ्यावर चालते. म्हणून एकदा झाला की बहुतेकांना आयुष्यभर परत होत नाही, सासूबाईंचं बरोबर आहे. त्यांचे सांधे अजून दुखत असतील तर ते अँटीबॉडी कमी पडल्यामुळे नाही, रक्तातला व्हायरस तेव्हाच गेला, सांध्यातली सूज मागे राहिली, त्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे वेगळी ट्रीटमेंट आहे, सहन करत बसू नका.

डेंग्यूचे मात्र चार भाऊ आहेत. एकाच घरातले, चेहरेपट्टी मिळतीजुळती, पण वेगळे. पहिल्याविरुद्धची घट्ट पकडीची अँटीबॉडी पहिल्यालाच बसते, बाकी तिघांना ती चिकटते पण सैल. अमेरिकेतले अल्बर्ट सेबिन, ज्यांनी नंतर तोंडातून द्यायची पोलिओची लस काढली, त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर हे तपासलं होतं. एका प्रकाराचा डेंग्यू होऊन गेला की त्याच प्रकारापासून संरक्षण टिकून राहतं, दुसऱ्या प्रकारापासून फक्त दोन-तीन महिने. त्या दोन-तीन महिन्यात अँटीबॉडी इतकी भरपूर असते की सैल पकडीचीसुद्धा चालून जाते. नंतर पातळी उतरते आणि तिथे अडचण सुरू होते.

आठवतोय ३० चा आकडा? समजा आता दुसऱ्या भावाचा व्हायरस आला आणि त्याच्या कणावर जुन्या सैल अँटीबॉडी दहा-बाराच बसल्या. कण निकामी होत नाही, पण अँटीबॉडीची शेपटी बाहेर लोंबतेय. आपल्या मोनोसाइट आणि मॅक्रोफेज नावाच्या खाणाऱ्या पेशींवर ही शेपटी पकडायचे हुक असतात, अँटीबॉडी लागलेली वस्तू दिसली की ओढून आत घ्यायची हे त्यांचं रोजचं काम. त्या इमानदारीने ओढतात, आणि आत गेल्यावर जिवंत व्हायरस त्याच पेशीत वाढायला लागतो, डेंग्यूला वाढायला नेमक्या याच पेशी आवडतात. म्हणजे अँटीबॉडीनेच हात धरून आत नेला. याला एडीई (अँटीबॉडीमुळेच इन्फेक्शन वाढणं) म्हणतात, स्कॉट हॉलस्टेड यांनी बँकॉकच्या मुलांमध्ये १९६० च्या दशकात हे ओळखलं की गंभीर डेंग्यू जास्त करून दुसऱ्या वेळेला होतोय, आणि लहान बाळांमध्ये पहिल्याच वेळेला होतोय. बाळांचं खाली सांगतो.

क्यूबात तर हे सगळं जणू कोणी प्रयोग मांडावा असं घडलं. १९७७ ला तिथे डेंग्यू-१ ची मोठी साथ आली, सौम्य होती. चार वर्षांनी १९८१ ला डेंग्यू-२ आला आणि ३,४४,००० हून जास्त केसेस, १५८ मृत्यू. मग बरीच वर्षं डेंग्यूच नाही. १९९७ ला सँटियागो दे क्यूबा शहरात डेंग्यू-२ परत आला तेव्हा गंभीर झालेले जवळजवळ सगळे मोठी माणसं होती, मुलं नाही, कारण त्या मुलांचा जन्मच १९७७ च्या साथीनंतरचा, त्यांच्या अंगात जुनी अँटीबॉडी नव्हतीच. वीस वर्षांपूर्वीची अँटीबॉडी वीस वर्षांनी आडवी आली. पुढे २०१७ ला निकाराग्वातल्या मुलांचं कित्येक वर्षांचं रक्त तपासून दाखवलं गेलं की धोका अँटीबॉडी अजिबात नसताना नाही, भरपूर असतानाही नाही, मधल्या एका पट्ट्यात असतो, त्या पट्ट्यात गंभीर डेंग्यूची शक्यता सातपटीहून जास्त होती.

त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती कमी आहे का’ याचं उत्तर नाही असं आहे. मिस्टरांची प्रतिकारशक्ती जोरात आहे, त्यांचे मेमरी बी सेल तर दुसऱ्या वेळेला चार दिवसही थांबले नाहीत, लगेच उठून जुन्या साच्यातली अँटीबॉडी ओतायला लागले, फक्त साचा जुन्या भावाचा. तुमच्या रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे बघा. पहिला डेंग्यू असता तर सहाव्या दिवशी आयजीएम चढलेलं आणि आयजीजी नसल्यात जमा असतं. इथे उलट आहे, आयजीजी जोरात, आयजीएम थोडं. म्हणजे हा बहुधा दुसरा डेंग्यू. तुम्ही लिहिलंय दोन वर्षांपूर्वी ‘साधा व्हायरल’ झाला होता आणि तेव्हा प्लेटलेट्स एक लाख दहा हजारपर्यंत उतरल्या होत्या, माझा अंदाज तोच पहिला असावा. पहिला डेंग्यू कितीतरी जणांमध्ये असाच व्हायरल म्हणून निघून जातो, काहींना तर तापसुद्धा येत नाही. एनएस-वन निगेटिव्ह का, तर दुसऱ्या डेंग्यूत भरपूर अँटीबॉडी लवकर तयार होऊन एनएस-वनला धरून टाकते म्हणून टेस्टला ते सापडत नाही, ‘एनएस-वन निगेटिव्ह म्हणजे डेंग्यू नाही’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कार्ड टेस्ट असेल तर एलायझा ही लॅबमधली पक्की टेस्ट करून घ्या, सरकारी यंत्रणेत डेंग्यू पक्का धरायला एलायझाच लागते, आयजीएमच्या एलायझाचं किट पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) बनवलेलं आहे. आणि झिका, जॅपनीज एन्सेफलायटिस यांचे व्हायरस डेंग्यूचेच नातेवाईक असल्यामुळे त्यांची अँटीबॉडीसुद्धा डेंग्यूच्या टेस्टमध्ये कधीकधी खोटी पॉझिटिव्ह दाखवते, म्हणून नुसत्या आयजीजीवरून निदान करत नाहीत, ताप, दिवस, सीबीसी सगळं एकत्र बघायचं.

दुसरा डेंग्यू म्हणून लगेच घाबरून जाऊ नका, दुसऱ्या वेळेच्या शंभर पेशंटमधलेही फार थोडे गंभीर होतात. पण दुसरा आहे हे डॉक्टरांना माहीत असलं की ते हिमॅटोक्रिटवर बारीक लक्ष ठेवतात. आणि चांगली बाजू अशी की दोन वेगवेगळ्या भावांशी गाठ पडल्यावर मेमरी सेलमधून अशी अँटीबॉडी निवडली जाते जी चौघांच्याही सारख्या भागाला घट्ट धरते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळेला गंभीर डेंग्यू क्वचित दिसतो.

पपईच्या पानांचा रस, किवी, बकरीचं दूध याबद्दल विचारलंय. सीझनमध्ये या सगळ्याचे भाव कुठे जातात ते मी बघतो आणि मला खरंच वाईट वाटतं, रोजंदारीवरचा माणूस तीनशे-चारशे रुपये त्यात घालतो. यातलं काहीही त्या बी सेलना लवकर उठवत नाही. कच्चं दूध तर देऊच नका. ते पैसे ओआरएस, नारळपाणी, भाताची पेज आणि रोजच्या सीबीसीला वापरा. प्लेटलेट सातव्या-आठव्या दिवसापासून आपल्या आपण वर येतात, आणि रक्तस्राव नसेल तर ४८,००० ला प्लेटलेट चढवायची गरज नसते, साधारण १०,००० च्या खाली गेल्यावर डॉक्टर तो विचार करतात.

लशीचं थोडक्यात. ही अँटीबॉडीची गुंतागुंत असल्यामुळेच डेंग्यूची लस इतकी अवघड. डेंगव्हॅक्सिया नावाची लस २०१५ ला मेक्सिकोत मंजूर झाली, फिलिपिन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर शाळकरी मुलांना दिली, आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेलाच नाही त्यांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. लशीने पहिल्या डेंग्यूची जागा घेतली होती. त्या धड्यानंतरच्या लशी वेगळ्या पद्धतीने बनवल्या आणि जास्त वर्षं तपासल्या जातायत, आपल्याकडे आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये एका डोसच्या लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केली, दहा हजारांहून जास्त लोकांवर, चौघाही भावांविरुद्ध. मी त्याच्या निकालांकडे डोळे लावून बसलोय.

आता बाळ. जाऊबाईंना कधी डेंग्यू झाला असेल तर त्यांचं आयजीजी गरोदरपणात वारेतून बाळाला मिळालेलं असतं. पहिले काही महिने ते बाळाला वाचवतं, नंतर ते रोज थोडं थोडं कमी होतं कारण बाळाच्या अंगात ते बनवणारे सेल नाहीत, उसनं आहे. सहा ते नऊ महिन्यांच्या आसपास ते नेमकं त्या मधल्या पट्ट्यात येतं, ना पुरेसं ना संपलेलं, म्हणून या वयात पहिलाच डेंग्यूसुद्धा बाळाला जड जाऊ शकतो, हॉलस्टेड यांनी बघितलेली बाळं हीच. तुमचं बाळ सात महिन्यांचं आहे, म्हणून मी हे घाबरवायला नाही पण स्पष्ट लिहितोय. आईचं दूध चालू ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडीस डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी जास्त, त्यामुळे बाळ दुपारी झोपतं तेव्हाही मच्छरदाणीत. मिस्टरांनासुद्धा अजून दोन-तीन दिवस मच्छरदाणीतच झोपवा. सिडकोत पाणी ठराविक वेळेला येतं म्हणून गॅलरीत ड्रम भरून ठेवलेले असतात मला माहितीये, ते आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून काथ्याने घासा, कारण अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, कोरड्यातही महिनोनमहिने टिकतात. फ्रीजच्या मागचा ट्रे आणि बंद पडलेला कूलर विसरू नका. बाळाला ताप आला तर घरी एक दिवससुद्धा वाट बघायची नाही, बालरोगतज्ज्ञांना घरात डेंग्यू झालाय हे सांगून दाखवायचं.

मिस्टरांचा जुना, दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला तर या रिपोर्टसोबत एकाच फाइलमध्ये लावा आणि वरती मोठ्या अक्षरात ‘डेंग्यू, दुसऱ्यांदा, आयजीजी पॉझिटिव्ह’ आणि तारीख लिहा. आज आणि उद्या रोज सीबीसी, मग डॉक्टर सांगतील तसं. आणि दोन-तीन आठवड्यांनी एकदा सीबीसी स्मिअरसकट परत करून घ्या, तेव्हा त्या स्लाइडवर निळे सेल नसतील किंवा एखाद-दुसराच सापडेल. बरेचसे काम संपवून मेलेले असतात, थोडे बोन मॅरोमध्ये गेलेले असतात. तो रिपोर्ट नॉर्मल आला की ज्यांनी कॅन्सर म्हटलं होतं त्यांनाही दाखवा.